फुकट नको, विका

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. जुन्या कपड्यांचं करायचं काय? एक गट म्हणतो, गरिबांना देऊन टाका. दुसरा म्हणतो, हल्ली कामाच्या मावशीसुद्धा घेत नाहीत, सरळ कचऱ्यात घाला. लीड्समध्ये बसून मी हे वाचतो आणि दोन्ही गटांना न पटणारं लिहितो: कपडे विका.

इंग्लंडमध्ये गावोगावच्या बाजारपेठेत चॅरिटी शॉप दिसतं, म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून सेवाकार्यासाठी पैसा उभा करणारं दुकान. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असं दुकान १९४०च्या दशकाच्या अखेरीस उघडलं. आज हृदयविकार, कर्करोग, हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा) अशा कितीतरी कामांचा पैसा अशा दुकानांतून येतो. लोक पिशव्या आणून देतात. मागच्या खोलीत स्वयंसेवक, त्यांत निवृत्त बायका पुष्कळ, डाग आणि चेन तपासतात, वाफेने सुरकुत्या काढतात, किंमत लावतात. देणारा आयकर भरत असेल तर 'गिफ्ट एड'खाली त्याच्या कपड्यांतून आलेल्या दर पौंडामागे सरकार २५ पेन्स घालतं. गिऱ्हाइकांत विद्यार्थी असतात, पेन्शनर असतात, जुन्या फॅशनचे शौकीन असतात. माझा हिवाळी कोटही तिथलाच. पैसे मोजून घेतलेल्या कोटाबद्दल कुणाचे आभार मानावे लागत नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे काही वर्षांपूर्वी शहराशहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. नको ते ठेवा, हवं ते न्या. हेतू चांगलाच होता, पण जिथे निवडायला माणूस नाही तिथे फाटकं, कळकट सगळंच येऊन पडतं, आणि भर रस्त्यात ते उचलणाऱ्याकडे चार लोक बघत राहतात. २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात तर जुने कपडे पाठवू नका, अशी विनवणी करावी लागली होती. घरातली अडगळ काढायची आणि वर पुण्यही पदरात पाडायचं, हा सौदा आपल्याला फार आवडतो.

त्यापेक्षा बोहारीण बरी होती. तिच्याशी घासाघीस चालायची, दोन पँटींवर पातेलं देते की नुसती वाटी, यावर आई तासभर दारात उभी राहायची. तो रोखठोक व्यवहार होता. तिच्या कष्टाच्या मानाने तिला काय सुटायचं हा प्रश्न मात्र आमच्या घरात कधी निघाला नाही.

आता इथलं झाकलेलं. दुकानात येतं ते सगळं विकलं जात नाही. उरलेलं किलोच्या भावाने चिंधीवाल्याकडे जातं, आणि त्यातलं बरंचसं परदेशी. माझ्या घराजवळच्या बॅटलीत १८१३ साली बेंजामिन लॉने लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढलं आणि पुढे तिथे गिरण्यांची रांग लागली. ते काम आज पानिपतात चालतं. (आपल्याला पानिपत वेगळ्याच कारणाने पाठ.) युरोप-अमेरिकेचे स्वेटर तिथे रंगांप्रमाणे निवडले जातात, त्यांची ब्लँकेटं होतात, आणि धूळ कामगारांच्या छातीत जाते. म्हणून 'तिकडे बघा कसं स्वच्छ' हे कुणी ऐकवलं की मी गप्प बसत नाही. कमी विकत घेणं हा भाग इथेही कुणी मनावर घेतलेला नाही.

भारतात हे जमणार नाही, असंही नाही. १९९९ साली अंशू गुप्तांनी सुरू केलेली 'गूंज' गावकऱ्यांनी विहीर खणली, रस्ता दुरुस्त केला की मोबदल्यात कपडे देते. तिथेही भीक नाही, कमाई आहे.

माझ्या सूचनेवर ग्रुपवर एका काकांनी विचारलं, "गाळ्याचं भाडं कोण भरणार?" प्रश्न रास्त आहे. इथे धर्मादाय दुकानांना स्थानिक मालमत्ता करात ८० टक्के सूट मिळते, तरी भाडं आणि विजेचं बिल भागवताना ती जेरीस येतात. महापालिकेने मंडईतला रिकामा पडलेला एखादा गाळा नाममात्र भाड्याने द्यावा, विक्रीचा हिशेब दर महिन्याला दारावर लावायची अट घालावी, आणि पिशवी आत घेण्याआधी ती उघडून बघायचा अधिकार दुकानातल्या बाईला असावा. कपडा धुतलेला नसेल तर तिने तो परत द्यावा, देणारे काका असले तरी.