ट्यूना पिंजऱ्यात वाढतो, पण बीज (वाढवायची पिल्लं) कुठून आणणार?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की जपानच्या किन्दाई विद्यापीठाने 2002 मध्येच ब्लूफिन ट्यूनाचं पूर्ण जीवनचक्र बंदिस्त अवस्थेत घडवून आणलं, सालमनची शेती तर केव्हाच रुळली, तरी मी मोठ्या सागरी माशांच्या शेतीबद्दल नकारघंटा वाजवतो. 2002 ची गोष्ट खरी आहे. पण ते संशोधन 1970 च्या सुमारास सुरू झालं होतं, आणि तीस वर्षं कशात गेली हे पाहिलं की सालमनची तुलना टिकत नाही.

सालमनचं अंडं वाटाण्याएवढं. पिल्लू आठवडेच्या आठवडे पोटाखालच्या बलकावर जगतं आणि मग थेट कोरडं खाद्य खातं. ट्यूनाचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, बलक दोन-तीन दिवसांत संपतो. मग आधी रोटिफर (सूक्ष्म जलजीव), नंतर आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जीव) आणि पुढे दुसऱ्या माशांची जिवंत पिल्लं, म्हणजे एका हॅचरीसाठी (अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रासाठी) दुसरी हॅचरी चालवायची. सुरुवातीला पिल्लं पाण्याच्या पृष्ठताणाला चिकटून मरतात, म्हणून वर तेलाचा पातळ थर देतात. पण तो वेळेत काढला नाही तर पिल्लांना हवा गिळता येत नाही आणि वाताशय (तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी) फुगत नाही. अशी पिल्लं रात्री पोहणं मंदावलं की तळाशी बसून मरतात, त्यामुळे रात्री खालून हवा सोडून पाणी वर ढकलत ठेवावं लागतं. यातून वाचलेली दोनेक आठवड्यांनी एकमेकांना खाऊ लागतात. पुढे शेपटीत वेग येतो, पण वळायला लागणारे पर तेवढे तयार नसतात. अचानक उजेड पडला की ती भिंतीवर किंवा जाळ्यावर आदळून मणका मोडून घेतात. रात्रभर दिवे चालू ठेवणं हा त्यावरचा साधा आणि बऱ्यापैकी लागू पडणारा उपाय.

ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनला जे चालतं, त्याला मी शेती म्हणत नाही. तिथे समुद्रातून पकडलेले ट्यूना पिंजऱ्यासकट हळूहळू ओढत आणतात आणि काही महिने तारलीसारखे मासे चारून जाड करतात. बीज निसर्गाचंच, आणि पकडीवर कोटा.

खाद्याचा हिशोबही बघा. ट्यूनाचं एक किलो वजन वाढायला दहा-पंधरा किलो ओले मासे लागतात. सालमनला सव्वा किलोच्या आसपास कोरडं खाद्य पुरतं. ही तुलना सरळ लावणं अन्यायाचं, कारण ओल्या माशात सत्तर टक्के पाणी असतं. तरीही बारा किलो तारलीचे साडेतीन किलो कोरडे होतात, म्हणजे फरक जवळपास तिपटीचा. ट्यूनाला श्वासासाठी सतत पोहावं लागतं, शिवाय तो अंग समुद्रापेक्षा गरम ठेवतो. ही ऊर्जा खाद्यातूनच जाते.

मोठा मासाच वाढवायचा तर कोबिया बघा, मुंबईकडचा सकला, गोव्यातला मोडसो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या मंडपम केंद्राने 2010 मध्ये त्याचं बीजोत्पादन साधलं. तो गोळीखाद्य घेतो आणि वर्षभरात काही किलोंचा होतो. कोकणात अडचण पावसाळ्याची: उघड्या समुद्रात जून ते ऑगस्ट पिंजरा टिकत नाही, खाडीत हलवला तर पाण्याचा खारेपणा एकदम उतरतो. म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पावसाळा सरताच सोडून मे महिन्यात काढायची, आणि तेवढ्या काळात होईल त्या वजनाला गिऱ्हाईक आधीच ठरवून ठेवायचं.