‘सीमेवरूनच परत’: फिरत असलेल्या एका मेसेजला उत्तर

गेले काही दिवस कॅनडात आश्रय मागणाऱ्या निर्वासितांविषयी एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो अण्णांनी टाकला, म्हणजे माझ्या थोरल्या मावसभावाने. त्यांचा मुलगा कॅनडातल्या ऑंटारिओत शिकतो, त्यामुळे ‘कॅनडाने करून दाखवलं’ हा मथळा त्यांना पटला यात नवल नाही. पण तो वाचून आईने मला विचारलं, “हे लोक सगळं खोटंच सांगून येतात का गं?” आईच्या तोंडून हा प्रश्न यावा याचा मला संताप आला. तिचा नव्हे, मेसेजचा. कारण पुढे सांगते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: खरा निर्वासित पहिल्या सुरक्षित देशातच थांबतो, कायदाच तसा आहे, जो पुढे जातो तो पैशासाठी. अमेरिका सुरक्षित, म्हणून कॅनडा अमेरिकेशी केलेल्या करारानुसार अशांना सीमेवरूनच तिकडे परत वळवतो. त्यामुळे दलालांचा धंदा बसला. खऱ्याकडे कागद असतात. हे लोक रांग मोडून आपल्या मुलांच्या जागा खातात. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानेही कराराला मान्यता दिली. आणि जगाचा भार श्रीमंत देशांनी किती वाहायचा?

आधी कायदा. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘पहिल्याच देशात थांबा’ असं सांगणारं एकही कलम नाही. कलम ३३ सांगतं की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलायचं नाही. कलम ३१ सांगतं की परवानगीशिवाय शिरला एवढ्यावरून त्याला शिक्षा करायची नाही. या ३१ मध्ये धोक्याच्या ठिकाणाहून थेट आलेल्यांचा उल्लेख आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने धागा तिथूनच ओढला असावा. पण ती अट शिक्षेपुरती आहे. तिच्यामुळे आश्रय मागायची सोय जात नाही. शिवाय नकाशा बघा. जमिनीवरून कॅनडात जायचं तर वाट अमेरिकेतूनच जाते. मग जो जो चालत येईल तो आपोआप खोटा?

कॅनडा आणि अमेरिकेचा हा करार, म्हणजे दोघांपैकी ज्या देशात आधी पोचलात तिथेच आश्रय मागा असं सांगणारा, २००२ मध्ये झाला आणि २००४ च्या डिसेंबरअखेर लागू झाला. सीमेवरच्या नाक्यावर काय होतं ते नीट समजून घ्या. तुमच्यावर काय बेतलं, कोण मागे लागलंय, परत गेलात तर काय होईल, याचा निवाडा तिथे होत नाही. कॅनडात जवळचं नातेवाईक आहे का, पालकांशिवाय आलेलं मूल आहे का, अशा ठरावीक सवलतींत तुम्ही बसता का, एवढंच बघतात. बसत नसाल तर अमेरिकेच्या ताब्यात. म्हणजे आश्रयाचा दावा खोटा ठरवून कुणी परत पाठवत नाही. तो ऐकायचाच नाही असं आधीच ठरलेलं असतं. माझा सगळा विरोध या एका गोष्टीला आहे. ऐका, तपासा, खोटा निघाला तर खुशाल परत पाठवा. त्याला माझी हरकत नाही.

आता मेसेजमधलं सगळ्यात निलाजरं वाक्य: दलालांचा धंदा बसला. २०२३ पर्यंत हा करार फक्त अधिकृत नाक्यांवर लागू होता. नाक्यावर गेलं की परत पाठवतात हे कळल्यावर लोक शेतांतून, बर्फातून जायला लागले. २०१६ च्या नाताळच्या आदल्या रात्री घानाचे दोन तरुण कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एमर्सनजवळ असेच बर्फ तुडवत गेले आणि हिमदंशाने दोघांचीही बोटं गेली. क्वेबेक प्रांतात रॉक्सहॅम रोड नावाची एक साधी खेड्यातली वाट आहे; एकट्या २०२२ मध्ये क्वेबेकमधून असे आलेले सुमारे ३९,००० लोक पोलिसांनी नोंदवले, बहुतेक याच वाटेने आलेले. हे लोक लपत नव्हते. पोलीस दिसले की स्वतःहून पुढे होत होते, कारण त्यांना दावाच नोंदवायचा होता.

मग २५ मार्च २०२३ पासून करार अख्ख्या सीमेला लावला आणि वर नियम घातला की नाका चुकवून आलेल्याने १४ दिवसांच्या आत दावा केला तर तोही परत जाईल. या नियमाचा अर्थ सरळ आहे. पूर्वी जो पोलिसांकडे चालत जायचा, त्याला त्या नियमाने चौदा दिवस लपायला कारण मिळालं. लपायला काय लागतं? रात्री न्यायला गाडी, राहायला खोली, तोंड बंद ठेवणारा माणूस. दलाल विकतो ते हेच. ज्या नियमाने त्याला गिऱ्हाईक आणून दिलं, त्याच नियमाने त्याचा धंदा बसला म्हणायचं, हे कुठलं गणित?

‘अमेरिका सुरक्षित’ हेही तपासून बघू. अमेरिकेत पोचून वर्ष उलटलं की आश्रयाचा अर्ज सहसा घेतच नाहीत. या करारावर २०२० मध्ये कॅनडाच्या फेडरल कोर्टाने निकाल दिला, त्यात इथिओपियाच्या एका तरुणीची हकीकत आहे. कॅनडाने नाक्यावरून परत केल्यावर अमेरिकेत तिला तुरुंगात टाकलं, त्यात आठवडाभर एकांतकोठडीत. ती मुसलमान, चालत नाही असं सांगूनही ताटात डुकराचं मांस येतंय अशी तिची खात्री झाली होती. गुन्हा काय, तर आश्रय मागायला नाक्यावर गेली. आणि हीच अमेरिका स्वतः २०१९ मध्ये ग्वाटेमालाशी तसाच करार करून मोकळी झाली. तिथे ९४५ जणांना पाठवलं, एकालाही आश्रय मिळाला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने पनामात पाठवलेली आणि तिथे हॉटेलात कोंडलेली माणसं काचेला ‘मदत करा’ असे कागद लावत होती, त्यांत भारतीयही होते. अण्णा, आपलेही होते.

आता आईचा प्रश्न. माझी आजी नळदुर्गची. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने भरलं घर टाकून ती दोन लेकरांना घेऊन बैलगाडीने सोलापुरात आली. नळदुर्ग तेव्हा निजामाचं, सोलापूर भारतात. साखर पेठेत एका पद्मशाली विणकराने आसरा दिला. मागाच्या खड्ड्याशेजारी जेवढी जागा उरायची तेवढ्यात तिघांची पथारी. कागद एकही नव्हता. ज्या राज्याच्या भीतीने माणूस पळतो, त्या राज्याकडून दाखला घेऊन यायचं कसं? सप्टेंबरात भारताची फौज सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने आत गेली, आणि त्यानंतर तिकडच्या कितीतरी मुसलमान कुटुंबांवर तीच वेळ आली. त्यांच्याकडे तरी कुठले कागद असणार? आजीच्या त्या दोन लेकरांतलं धाकटं म्हणजे माझी आई. तिने ‘हे सगळे खोटे का’ असं विचारावं, इतकं हे मेसेज माणसाला स्वतःचंच विसरायला लावतात.

रांगेचा मुद्दा लवकर उरकते. आश्रयाचा दावा कॅनडाच्या भूमीवर किंवा सीमेवर पोचूनच करता येतो. मायदेशात बसून भरायचा असा आश्रयाचा व्हिसा नाही, म्हणजे मोडायला रांगच नाही. हे दावे ऐकणारं मंडळ वेगळं, विद्यार्थ्यांचे परवाने देणारं खातं वेगळं. आपल्या मुलांच्या जागा कमी झाल्या त्या जानेवारी २०२४ मध्ये कॅनडा सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली म्हणून. घरांची टंचाई हे कारण सरकारनेच दिलं होतं.

सुप्रीम कोर्टाचं मात्र अर्धं खरं आहे, ते कबूल करते. १६ जून २०२३ ला कोर्टाने एकमताने करार टिकवला. पण का टिकवला ते मेसेजमध्ये नाही. परत पाठवलेल्यांना अमेरिकेत अटकेची जोखीम आहे हे कोर्टाने मान्य केलं. तरी करार चालेल असं म्हटलं, कारण विशेष प्रकरणांत माणुसकीच्या किंवा सार्वजनिक धोरणाच्या कारणावरून सूट द्यायची सोय कायद्यात आहे. म्हणजे निकालाचा सगळा भार त्या सुटीवर आहे. नाक्यावर ती प्रत्यक्षात दिली गेली नाही तर निकालाचा आधारच सुटतो. शिवाय स्त्रियांवर याचा विषम परिणाम होतो का, हा समानतेचा प्रश्न कोर्टाने निकालात काढला नाही. खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. मान्यता दिली म्हणून नाचणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

राहिला भार. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकड्यांनुसार जगातले सत्तर टक्क्यांहून जास्त निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. १९७१ मध्ये आपल्या देशात एक कोटीच्या आसपास माणसं आली होती, आणि तेव्हा आपण श्रीमंत नव्हतो. उलट माणसं बाहेर ठेवण्यावर श्रीमंत देश किती उधळतात ते ब्रिटनने दाखवलं. आश्रय मागणाऱ्यांना रवांडात पाठवायचा करार २०२२ मध्ये केला, त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो बेकायदा ठरवला, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळला तेव्हा हिशेब निघाला ७० कोटी पौंडांचा. गेले चार जण, तेही स्वेच्छेने. त्या पैशात दावे ऐकणारे अधिकारी नेमले असते तर खरे कोण, खोटे कोण ते कळलं असतं, आणि खोट्यांना रीतसर परत पाठवता आलं असतं.