माझीच शिफारस, तीन आवाजांत

टेक्सटाइल इंजिनिअर झालेला पोरगा एमएस करायला अमेरिकेला जायचं म्हणतोय, हे कळल्यावर अप्पांनी एकच विचारलं, "टॉवेल शिकायला? तिकडं?" त्यांची सगळी हयात सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टेरी टॉवेलच्या मागांवर गेली. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात विद्यापीठाचं खास टेक्सटाइलचं कॉलेज आहे, हे मी त्यांना नकाशासकट दाखवलं. त्यावर म्हणाले, "कोटणीस डॉक्टर १९३८ साली इथून चीनला गेले. त्यांना कुणी निबंध मागितल्याचं ऐकलं नाही बाबा."

निबंध म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. आपण काय केलं, पुढं काय करायचंय आणि ते त्यांच्याकडंच का, एवढं दोन पानांत पटवायचं. सगळ्यांचा असतो तसा माझाही पहिला खर्डा 'लहानपणापासून मला धाग्यांची ओढ होती' असा निघाला. खरं तर लहानपणी ओढ होती ती गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्याची. पुण्याच्या ताईनं, म्हणजे मावसबहिणीनं, ओढ, जिद्द, ध्यास सगळं छाटलं. "हे काय, सगळ्यांनाच असतं. तू केलंस काय?"

केलं होतं ते फार साधं. कारखान्यात ताण्याची सुतं सारखी तुटायची. मी पाळीवार नोंदी ठेवल्या, तर दुपारी शेडमधली हवा कोरडी झाली की तूट वाढायची. शेडमध्ये ओलावा ठेवायची सोय दुरुस्त करून घेतली, तूट कमी झाली. ताई ओरडलीच, "अरे, हेच लिही की!" सोलापूरच्या उन्हाळ्याचा कुणाला फायदा झाल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

पण निबंध परवडला. खरी गंमत शिफारसपत्रांत. तीन लागतात. एचओडी सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी बघून पाठवतो." प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या, "ड्राफ्ट पाठवून दे ना." कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, "इंग्लिशचं तू बघ बे, सही माझी." आमच्या घरात नव्वद टक्के पडले तरी "बाकीचे दहा कुठं गेले?" विचारायची रीत, आणि आता मला स्वतःची स्तुती करायची, तीही तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून! सरांच्या पत्रात मी 'अत्यंत चिकित्सक' झालो. मॅडमच्या पत्रात चिकित्सक परत नको म्हणून 'शांत आणि चिकाटीचा'. मॅनेजरसाहेबांना शोभेल म्हणून तिसऱ्यात मुद्दाम थोडं व्याकरण बिघडवलं. तिन्ही वाचल्यावर मलाच या पोराबद्दल आदर वाटायला लागला. एक बारीक दोषही घातला, म्हणजे खरं वाटतं.

त्यात अर्जामध्ये एक चौकट. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्यानं विद्यार्थ्याला आपली शिफारसपत्रं नंतर बघायचा हक्क दिलाय, तो सोडता का? सोडला तर पत्र मोकळ्या मनानं लिहिलंय असं धरतात, म्हणून बहुतेक जण सोडतात. जी पत्रं मी रात्री जागून लिहिली, ती वाचायचा हक्क मी सकाळी गंभीर चेहऱ्यानं सोडून दिला.

पुढचं माझ्या हातात नव्हतं. पत्र चढवायची लिंक थेट शिफारस करणाऱ्याच्या मेलवर जाते. सरांची स्पॅममध्ये सापडली, मॅडमनी त्याच दिवशी पाठवलं. मॅनेजरसाहेबांचा मात्र शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी फोन.

"अरे, पत्र चिकटवलो. खाली अजून एक विचारलालेत, पोरगा टॉप किती टक्क्यात बसतो म्हणून. एक टक्का, पाच टक्के, दहा टक्के... असलं भिकारी कायकाय दिलेत."

"साहेब, थांबा, त्यातलं पहिलं..."

"गप बे. तू काय एक टक्क्याचा पोरगा हैस का? मी सगळ्यात मोठा आकडा बघून दाबलो. पन्नास!"