श्रद्धेचे शब्द काय फक्त आपल्याकडेच?

आज संध्याकाळी एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते विद्वान, वाणी रसाळ, सगळं छान चाललं होतं. मध्येच म्हणाले, "इंग्रजी ही व्यापाऱ्यांची भाषा. तिच्यात पावित्र्य नाही, पूजा नाही, श्रद्धा नाही. असले शब्द यायला आधी तशी संस्कृती असावी लागते." आणि टाळ्यांचा कडकडाट! घरी येऊन जेवण झालं, भांडी आवरली, तरी डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

अहो, आपण शिकलो ती इंग्रजी ऑफिसची. अर्ज, रजा, 'काइंडली डू द नीडफुल'. बाहेरच्या खोलीत बसून चहा पिऊन यायचं आणि सांगत सुटायचं की त्यांच्याकडे देवघरच नाही, असला हा प्रकार आहे.

आम्ही यॉर्कशरला राहत होतो तेव्हा शेजारी एक आजी होत्या. त्यांच्या दारातला बर्फ काढून दिला, दुकानातून ब्रेड आणून दिला, की "ब्लेस यू, लव्ह." आपल्या आज्या "औक्षवंत हो" म्हणायच्या, तितक्या सहज. हा 'ब्लेस' केवढा जुना आहे! अभ्यासक त्याचं नातं 'ब्लड'शी जोडतात, रक्त शिंपडून वेदी पवित्र करण्याच्या विधीशी. आणि 'होली' हा 'होल' (संपूर्ण) आणि 'हील' (बरं होणं) यांच्या कुळातला. पवित्र म्हणजे जे अखंड आहे, धड आहे. भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही ना? मग ही कल्पना आपल्याला परकी कशी?

त्याच आजींच्या नातीचं लग्न गावच्या चर्चमध्ये झालं. आजींचं लग्न जुन्या प्रार्थनापुस्तकातल्या विधीने झालेलं, म्हणून नातीनेही तोच हट्ट धरला. अंगठी घालताना नवरामुलगा म्हणाला, 'विथ माय बॉडी आय दी वर्शिप.' या देहाने मी तुझी पूजा करतो. नवरा, बायकोला, भर चर्चमध्ये! १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातही ही शपथ आहे. आमच्या लग्नात माझं दान झालं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आजींनी न बोलता माझा हात घट्ट धरला. ही भाषा व्यापाऱ्यांची?

आता कुणीतरी सांगेल की तिथे 'वर्शिप' म्हणजे नुसता मान. असेल. नगराध्यक्षालाही ते 'युअर वर्शिप' म्हणतातच. पण माणसाला द्यायचा मान आणि देवाची पूजा एकाच शब्दात नांदते, हे मला तरी हलकं वाटत नाही.

हेही मान्य, की याच भाषेने आपल्याला 'हीदन', म्हणजे खरा धर्म नसलेले, म्हटलं आणि पुरीच्या जगन्नाथाचा 'जगरनॉट', म्हणजे वाटेत येईल ते चिरडणारी शक्ती, करून टाकला. त्याचा राग मलाही आहे. पण तो राग राज्यकर्त्यांवर आणि मिशनऱ्यांवर काढा, यॉर्कशरच्या आजींच्या 'ब्लेस'वर का काढता?

आणि हे शब्द त्यांना फुकट मिळाले नाहीत हो. विल्यम टिंडेल या इंग्रज धर्मपंडिताने १५२६ मध्ये बायबलचा नवा करार साध्या इंग्रजीत छापला. लोकांची भाषा धर्माला चालत नाही, असं तेव्हाचे धर्ममार्तंड म्हणत. ओळखीचं वाटतंय ना? ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत आपल्याकडेही हेच ऐकावं लागलं. टिंडेलला १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. त्याची कितीतरी वाक्यं १६११ च्या राजमान्य बायबलमध्ये जशीच्या तशी गेली. तुकोबांच्या गाथेसाठी जीव कळवळणारी आपण माणसं, आपल्याला हे कळायला काय अवघड आहे?

तरी ज्याला पटत नसेल त्याने फादर थॉमस स्टीफन्स आठवावा. हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्याला आला. मराठीच्या प्रेमात पडला, ख्रिस्ताची कथा सांगायला त्याने आपली ओवी घेतली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचं पुराण रचलं. धर्मप्रसारासाठीच रचलं, हो. पण आपली भाषा त्याच्या देवाला पुरणार नाही, असं त्याला वाटलं नाही. त्याने आपल्या भाषेला जो मान दिला, तो आपण त्याच्या भाषेला चारशे वर्षांनीही देऊ शकत नाही?

'गुडबाय' म्हणजे मुळात 'देव तुझ्यासोबत असो' आणि 'हॉलिडे' म्हणजे पवित्र दिवस. तिकडे म्हणणाऱ्यांच्या ते ध्यानीमनीही नसतं, हे खरं. पण आपण तरी 'रामराम' घालताना रामाला आठवतो का?

आता जरा शांत झालेय. वक्त्यांवर माझा वैयक्तिक राग नाही, ज्ञानेश्वरीवर ते फार सुंदर बोलले. माझ्या मित्रयादीत इंग्रजीच्या बऱ्याच शिक्षिका आहेत, त्यांना एक विनंती. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आपण सगळ्याजणी रोज प्रार्थनेत 'हॅलोड बी दाय नेम' म्हणत होतो. तुझं नाव पवित्र मानलं जावो, एवढाच त्याचा अर्थ, पण तो आपल्याला कुणी सांगितला नाही. नामाचा महिमा ऐकत वाढलेल्या मुलांना तो सांगायला तुम्हाला पाच मिनिटंही लागणार नाहीत. या आठवड्यात सांगाल?