मेंढीचा कान म्हणजे माणसाचाच कान? अहो काहीतरीच!

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, रामबागेतल्या काकूंपासून राऊ गावातल्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी मला पाठवून झाला. म्हणे मेंढीचा कान हुबेहूब माणसासारखा, म्हणून ईएनटीवाले, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, तिच्यावर ऑपरेशन शिकतात, तिची हाडं आपल्याला बसवतात, तिला ऐकूही आपल्याइतकंच येतं, आणि पडदा फाटला तर मेंढीच्या दुधाचे थेंब टाका, भरून येतो.

शिकतात हे खरंय. खाटकाकडे डोकं सहज मिळतं आणि आत पडदा, मग हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन इवली हाडं, सगळं आपल्यासारखंच ओळीने असतं, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली हात बसायला बरं पडतं. पण हुबेहूब? तिची हाडं आपल्यापेक्षा लहान, आणि आपलीच रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची. शिवाय आपल्या कानामागे हाताला लागणारं टणक हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ्या-पोकळ्यांचं असतं, मेंढीत तसं नाही, मग तिथलं ऑपरेशन तिच्यावर काय डोंबल शिकणार!

हाडं बसवण्याचं कुणी काढलं देव जाणे. पेशंटचीच ऐरण घासून परत लावतात, नाहीतर टायटॅनियमचा तुकडा, रिकीब आखडली असेल तर तिच्या जागी टेफ्लॉनचा पिस्टन, म्हणजे इवलीशी दांडी.

ऐकण्याचं म्हणाल तर माणूस साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, मेंढी वर ३०,००० च्याही पुढे जाते, खालचे घुमणारे आवाज मात्र आपल्याला जास्त कळतात. पावसाळ्यानंतर मारवाडचे रेबारी मेंढपाळ कळप घेऊन माळव्यात उतरतात ना, तेव्हा बघा, मेंढी मान जागेवर ठेवून नुसता कान आवाजाकडे वळवते. आपल्यालाही कान वळवणारे स्नायू आहेत, पण नावापुरते.

आता दूध, आणि इथे मात्र खरंच राग येतो. फाटलेला पडदा बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप भरतो, मग श्रेय दुधाला! भोक असताना टाकलेलं दूध थेट मधल्या कानात उतरतं, जंतूंची चंगळ होते आणि कान वाहायला लागतो. कान कोरडा ठेवा, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घाला, डॉक्टरांना दाखवा, तेलही नको. नाहीच भरला तर कानाच्या वरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून त्याचा पडदा लावतात, ईएनटीवाल्यांचं हे नेहमीचं ऑपरेशन आहे.