धरण तेरा तारखेला फोडावे काय?

काल, १२ जुलैच्या सकाळी, मी आदल्या रात्री खडूने सुवाच्य अक्षरांत फोडलेले पानशेतचे धरण कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकले आणि त्या जागी कमळासकट ‘सुस्वागतम्’ लिहिले. आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक फळा आहे. त्यावर महाराष्ट्राच्या इतिहासातील त्या त्या दिवसाची एक नोंद रोज लिहिण्याचे काम, अक्षर बरे असल्याच्या गुन्ह्याखाली, माझ्याकडे आले आहे. मानधन नाही, खडूही माझेच.

पुसणारा हात कोणाचा, हे मला पक्के ठाऊक आहे, कारण आदल्या रात्री तिसऱ्या मजल्यावरचे नाना माझ्या पाठीशी उभे राहून एकेक अक्षर उमटताना पाहत होते. ‘पानशेत’पर्यंत ते गप्प राहिले. ‘फुटले’ या क्रियापदाशी मात्र त्यांनी माझे मनगट धरले.

“उद्या आमच्याकडे बारसे आहे.”

“अभिनंदन, नाना.”

“अभिनंदन राहू द्या. नातीच्या सासरची माणसे नागपूरहून येणार आहेत, तीही पहिल्यांदाच. आपली लिफ्ट कधी वेळेवर खाली नसते, म्हणजे ती इथे ताटकळणार, आणि समोर वाचणार काय, तर धरण फुटले! तुम्ही हे तेरा तारखेला घ्या.”

धरण १९६१ साली बारा तारखेलाच फुटले असून त्यात फेरफार करणे आता माझ्या हातात उरलेले नाही, असे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले.

“फुटले बाराला, मान्य. पण पाणी काय बारालाच संपले? आमचा वाडा नारायण पेठेत. मी नऊ वर्षांचा होतो. बाराला आम्ही नुसते पळालो हो! पूर पाहिला तो तेराला, चिखल उपसताना. तुमचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. मग मला सांगा, पूर कोणाचा?”

पूर नानांचाच होता, हे मला मान्य करावे लागले. प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणतात तो हाच, आणि तो माझ्या विरोधात उभा होता.

“बरे, तारीख नाही तर नाही, तिथीने घ्या,” नाना म्हणाले. “महाराजांची जयंती दोनदा होते, कोणाचे काही बिघडते का?”

येथे नानांनी माझ्या जुन्या जखमेवर बोट ठेवले. राज्य सरकारने २००१ पासून १९ फेब्रुवारी ही तारीख धरली असली, तरी फाल्गुन वद्य तृतीयेला उत्सव करणारे पुष्कळ आहेत, आणि ते मला समजते. पण १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतील असून आजच्या कालगणनेप्रमाणे ती १ मार्च येते, एवढे एक निरुपद्रवी वाक्य मी मागे फळ्यावर लिहिले होते, तेव्हा याच नानांनी “म्हणजे महाराजांनी तुमच्यासाठी दहा दिवस थांबायला हवे होते?” असे भर जिन्यात विचारून मला निरुत्तर केले होते. आज तेच नाना पंचांगाच्या बाजूने उभे होते. मी मोबाइलवर जुने पंचांग उघडून १२ जुलै १९६१ ची तिथी काढली. ती अमावास्या निघाली.

“बारशाच्या घरावर अमावास्या आणता?” नाना कडाडले. “पुसा आधी ती!” मी ती लिहिलेलीच नव्हती. तेवढ्यात लिफ्ट आली आणि नाना वर गेले. फडके बहुधा वरूनच आले असावे.

माझी तक्रार एकट्या नानांविषयी नाही. रोजच्या इतिहासाचे लोकांनी शुभेच्छापत्र करून टाकले आहे. १४ जानेवारीला मी १७६१ च्या पानिपतविषयी लिहिले, तेव्हा एका गृहस्थांनी फळ्याचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून खाली ‘पानिपत दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असे लिहिले. लढाई संक्रांतीच्याच दिवशी झाली, अशी पुस्ती दुसऱ्याने जोडली. विवेकानंद जन्मले त्या १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती आणि ती हळूहळू पुढे सरकत आली आहे, तेव्हा त्याहून शंभर वर्षे आधी ती १४ जानेवारीला असूच शकत नाही, हे मी सविस्तर समजावून सांगितले. उत्तरादाखल मला पतंगाचे चित्र आले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या नोंदीखाली कोणीतरी हसरा चेहरा काढून ठेवला होता. तो एखाद्या लहान मुलाने काढला असेल असे म्हणावे, तर लहान मुलाचा हात तिथवर पोहोचत नाही.

आणि काल जे पुसले गेले, ते वाचण्यासारखे होते हो! धरणाचे काम पुरे व्हायच्या आधीच त्यात पावसाचे पाणी साठू दिले गेले. बांध खचू लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटले आणि असंख्य माणसांना पळायला उजेड मिळाला. पळणाऱ्या त्या माणसांत नऊ वर्षांचे नानाही होते. पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि पेठांत पाणी शिरलेल्या या शहराला पुढे प्यायच्या पाण्यासाठी वणवण करावी लागली. त्या वाळूच्या पोत्यांच्या जागी आता कमळ आहे, आणि त्याच्या पाकळ्याही सारख्या नाहीत.

संध्याकाळी कार्यकारिणीने तातडीने ठराव केला की, यापुढे फळ्यावर केवळ मंगल घटना घ्याव्यात. जयंत्या चालतील, पुण्यतिथ्या नकोत. मी हात वर करून विचारले की १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक वारले आणि त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे जन्मले, तर १ ऑगस्टला मी अर्धाच फळा लिहायचा काय? सचिव इतिवृत्तात डोके खुपसून बसले. बारशाच्या पेढ्यांचे खोके घेऊन आलेल्या नानांनी मात्र क्षणभरही विचार केला नाही.

“अण्णा भाऊ एकला घ्या,” ते माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, “आणि टिळकांची जयंती तेवीस जुलैला असते, तेव्हा ते तेवीसला घ्या. त्या दिवशी आमच्याकडे कोणी यायचे नाही.”