‘रिकामटेकडे’ आणि एकविसाव्या दिवसाचं अंडं

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अंड्यात अडकलेल्या पिल्लाला मदत करावी की नाही, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “जे पिल्लू आपणहून कवच फोडत नाही ते मुळातच कमजोर असतं. निसर्गाच्या कामात हे चिमटेवाले रिकामटेकडे कशाला नाक खुपसतात? अशी पिल्लं पुढे लुळीच निघतात. आणि ३७.५ वर आमच्या पेटीत काही निघत नाही. ही पिल्लं तुम्ही पैदाशीला ठेवता का, तेही सांगा.”

तापमानाचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ३७.५ अंश हे पंखा असलेल्या, अंडी उबवायच्या मशीनचं. थर्माकोलच्या पेटीत नुसता बल्ब असेल तर गरम हवा वर साचते. तिथे थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या पातळीला ठेवून ३८.३ च्या आसपास लागतं. हे लेखात यायला हवं होतं. आज घातलंय.

आता ‘रिकामटेकडे’. वाद घाला, पण माणसाला नावं ठेवून मुद्दा सिद्ध होत नसतो. गेली एकोणीस वर्षं दर हंगामात अंडी लावतेय. एवढं सांगून हा विषय सोडते.

“मुळातच कमजोर.” हे एक वाक्य तुम्ही इतक्या खात्रीनं कुठून आणलंत? पिल्लू कमजोर असतं तेव्हा बहुधा ते टोच मारण्याच्या आधीच मरतं. ज्यानं आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घातली, फुफ्फुसानं श्वास सुरू केला, वर कवचाला टवका पाडला, ते पिल्लू निम्मी लढाई जिंकलेलं असतं. त्यानंतर ते अडकलं, तर आधी पेटीकडे बघायचं, मग पिल्लाकडे.

पहिले १८ दिवस आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. कोकणात जुलैमध्ये पहिल्या १८ दिवसांत पाण्याचं भांडं ठेवलं की अंडं वाळतच नाही. ४५ ग्रॅमचं गावरान अंडं तोवर साडेपाच ग्रॅमच्या आसपास हलकं व्हायला हवं. झालं नाही तर हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेलं, चिकट, आणि चोच बाहेर काढताच नाकात पाणी. उलट विदर्भात मे महिन्यात शेवटच्या दिवशी भांडं कोरडं पडलं, किंवा “बघू तरी” म्हणून झाकण चारदा उघडलं, की टवक्याच्या कडेचा पापुद्रा पिवळट-तपकिरी होऊन चामड्यासारखा पिल्लाला आवळतो. आत पिल्लू धडधाकट असतं, त्याला फिरता येत नाही एवढंच. यात निसर्ग कुठे आला, दादा? झाकण तुम्ही उघडलंत.

तसंच उलट्या पिल्लाचं. डोकं उजव्या पंखाखाली आणि चोच रुंद बाजूच्या पोकळीकडे, ही बरोबर बैठक. अंडी टोकदार बाजू वर करून ठेवली, किंवा दिवसातून नीट फिरवली नाहीत, तर काही पिल्लं निमुळत्या टोकाला टवका पाडतात. तिथे हवेची पोकळीच नाही. हाही ठेवणाऱ्याचाच दोष.

खुडूक कोंबडीचं म्हणाल, तर ती एक-दोन दिवसांत निघालेली पिल्लं घेऊन उठते आणि राहिलेली अंडी तशीच टाकते. तो निसर्ग मला मान्य आहे. पण १०० वॅटचा बल्ब लावून, रवण (कोंबडीचं अंड्यांवर बसणं) मोडून अंडी पेटीत घातल्यावर तुम्ही निसर्गाचं नाव घेऊ नये. (बघा, सोडणार होते.)

आणि मी “लगेच सोला” असं कुठेही लिहिलेलं नाही. लेख नीट वाचला असता तर दिसलं असतं. अंडी लावली तो दिवस शून्य, तिथून २१. जास्त दिवस साठवलेली अंडी किंवा अर्धा अंश कमी तापमान असेल तर २२ लागतात. बाहेरून टवका दिसल्यावर २४ तास हात लावायचा नाही. पिल्लू त्या वेळी झोपलेलं नसतं. बलक पोटात ओढून घेत असतं, आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आत परतत असतं. चोच चावल्यासारखी उघडझाप करत असेल तर तयारी अजून झालेली नाही. आत चोच मारली आहे, किलबिल ऐकू येते, पण २४ तासांत बाहेर टवका नाही, तर बॅटरीच्या उजेडात चोचीची सावली शोधून हवेच्या पोकळीवर स्वच्छ दाभणानं दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. फक्त श्वासासाठी. बास.

टवक्यानंतर दिवस गेला आणि पापुद्रा वाळला, तर बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करा आणि तिथे अंडं घ्या, म्हणजे बाकीच्यांची पेटी उघडी राहत नाही. पोकळीच्या रेषेपर्यंतचंच कवच टवके-टवके काढायचं. उकळून कोमट केलेलं पाणी कापसाच्या काडीनं पापुद्र्यावर, नाकपुड्यांना न लावता. दोन मिनिटांत पापुद्रा पारदर्शक होतो. लाल, ओल्या शिरा दिसल्या तर तिथेच थांबा. ओल्या फडक्यात गुंडाळून चोच मोकळी ठेवून पेटीत परत, किमान चार-सहा तास. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉरची चिमूट दाबायची, आणि त्या दिवशी पुढे काही नाही. शिरा पांढऱ्या पडल्यावर डोक्यावरची कवच-पापुद्र्याची टोपी काढा, डोकं पंखाखालून सोडवा, मागचा भाग कवचातच राहू द्या. बेंबी तिथे असते. तो भाग ते स्वतः ढकलून मोकळा करतं. पाय मारायचं काम त्यानंच करायचं असतं.

(अंडं पाण्यात सोडून हलतंय का बघायची सवय असेल, तर टवका पडलेल्या अंड्यावर करू नका. आतलं पिल्लू बुडतं.)

लुळेपणाबद्दल: पाय फाकणं बऱ्याचदा गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लं सोडल्यानं होतं. खाली खरबरीत कापड घाला, पहिल्याच दिवशी दोन पाय पट्टीनं बांधा, तीन-चार दिवसांत सावरतात. बोटं आत वळली असतील तर आईच्या खाद्यात जीवनसत्त्व ब-२ कमी पडलं असण्याची शक्यता बघा. मी हात लावला म्हणून नव्हे.

पुढच्या वेळी लिहिताना अंडी फिरवणं अठराव्या दिवशी थांबवता का आणि शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता किती दिसते, तेवढं कळवा, मग बोलू. पैदाशीचं विचारलंत, तो वेगळा विषय आहे, इथे नको.